खानावळ उघडेना

पिवळ्या पातेल्याच्या चित्रावर हिराबाई मेश्रामांनी पुन्हा एकदा क्लिक केलं. पडदा काळा झाला, मधोमध आचाऱ्याची पांढरी टोपी उगवली, टोपीखाली गोल चक्र फिरू लागलं. हिराबाईंनी श्वास रोखून खुर्ची पुढे ओढली, तेवढ्यात टोपी गेली, चक्र गेलं, आणि समोर पुन्हा मुलाने लावून ठेवलेलं डोंगराचं चित्र. ना निरोप, ना कारण. ओळखीच्या माणसाने आपल्याला बघून दार लोटून घ्यावं, तसा खेळ बंद.

"आज रविवार आहे, माहीत आहे मला," हिराबाई कॉम्प्युटरला म्हणाल्या. "पण सुट्टी घ्यायची तर उद्या घे ना रे बाबा. आज नको."

आज नको, याला कारण तसंच होतं. संध्याकाळी पाच वाजता सामना होता आणि पाचाच्या आधी आत शिरलं नाही तर त्यांचा संघ बाद होणार होता.

हा कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, सौरभचा. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तो हडपसरच्या घरी ठेवून गेला. सुरुवातीला हिराबाई त्यावर नातीचे फोटो बघायच्या आणि विजेचं बिल भरायच्या. मग एका सुट्टीत सौरभने त्यात एक खेळ घालून दिला. तिघांनी मिळून एक खानावळ चालवायची. गिऱ्हाईक येतं, मागणी येते, एकाने चिरायचं, एकाने चुलीवर ठेवायचं, एकाने वाढायचं आणि उष्टी ताटं घासायची. उशीर झाला की गिऱ्हाईक लाल होतं आणि निघून जातं. खेळाचं इंग्रजी नाव जिभेवर बसेना, म्हणून हिराबाईंनी त्याला साधं नाव दिलं, खानावळ.

"जन्मभर स्वयंपाक केलास, आता पडद्यावरही तोच?" असं भीमराव तेव्हा हसले होते. हिराबाईंनी चष्म्यावरून बघितलं होतं. "इथे मीठ कमी म्हणणारं कुणी नाही," एवढंच बोलल्या होत्या. त्या वाढलेल्या पुण्यात. उत्तर लांबवायची सवय नव्हती.

पण एकट्याने खेळायला त्यात मजा नव्हती. तिघी हव्यात. आणि तिघी म्हटल्यावर हिराबाईंच्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार? नागपूर आणि कोल्हापूर.

आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे सांगायला बसलं तर हातातला चहा गार होतो, तरी त्यांना पटत नाही. परगावी फोन करायचा म्हणजे आधी नंबर लिहून द्यायचा, मग घरात बसून वाट बघायची. लागला तर लागला. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये हिराबाई कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा आणि भोकांचा फळा, अशा बसायच्या, आणि एका हाताने दोरी खुपसत म्हणायच्या, "नागपूर, पुणे बोलतेय." पलीकडून आवाज यायचा, "बोल पुणे." ती सुशीला. कोल्हापूरच्या फळ्यावर आनंदी. कित्येक वर्षं तिघींनी एकमेकींची तोंडं पाहिली नव्हती. आवाजावरून कळायचं, आज हिचं पोर आजारी आहे, आज हिची सासू आली आहे. लाईन मोकळी असली की पर्यवेक्षक बाईंचा डोळा चुकवून दोन वाक्यं इकडची, दोन तिकडची. हिराबाईंचं लग्नसुद्धा त्या लाईनवर जुळलं. "आमच्या गल्लीतला पोरगा आहे, तुमच्या हडपसरला कंपनीत लागला आहे, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा," असं सुशीलाने नागपूरहून सांगितलं आणि पुढच्या रविवारी भीमराव मेश्राम इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. तेही वेळेच्या आधी.

मग थेट नंबर फिरवायची सोय आली, फळे निघाले, दोऱ्या निघाल्या, तिघी वेगवेगळ्या टेबलांवर बसल्या आणि निवृत्त झाल्या. बोलणं मात्र सुटलं नाही. ते सुटलं गेल्या वर्षी. सुशीलाचे यजमान गेले, आणि जी बाई आवाजावर जगली तिने फोन उचलणंच सोडलं. उचललाच तर "हो", "नाही", "बघू". हिराबाईंना ते "बघू" फार लागायचं. सुशीला आणि बघू? ती तर "आत्ता जोडते" म्हणणारी.

तेव्हा हिराबाईंनी तिच्या सुनेला पटवलं, तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर खानावळ घालायला लावली. सुशीला चार-दोनदा आली, मुकाट्याने ताटं घासली आणि गेली. मग बंगळुरूच्या कुठल्याशा तरुण मंडळाने साठीच्या पुढच्यांसाठी खानावळीची स्पर्धा जाहीर केली. आनंदी तर उड्याच मारायला लागली. सुशीला मात्र म्हणाली, "मला नाही जमणार गं. पण तू लाईनवर असशील तर येते एकदा. तू नसलीस तर मात्र मला पुन्हा म्हणू नको."

हिराबाई म्हणाल्या होत्या, "मी कुठे जाणार? मी आहेच."

आणि आज खानावळ उघडेना.

* * *

हिराबाईंनी पहिल्यांदा आपल्या धंद्याची रीत वापरली. बिघाड झाला की गडबडायचं नाही. आधी बघायचं, गिऱ्हाईकाच्या घरात आहे, मधल्या तारेत आहे, की एक्स्चेंजमध्ये. इंटरनेट आहे का? बातम्या लावून पाहिल्या, निवेदक ओरडत होता. म्हणजे तार बरी. पलीकडचं? त्यांनी कोल्हापूरला फोन लावला. घरी अजून तारेचा फोन होता, हिराबाईंचा जीव त्या फोनवर.

"माझी उघडलीया की!" आनंदीने सांगितलं. "मी आत बसून कांदं चिरायलेय सरावाला. तू कुठं हाईस?"

"दारात."

"दारात काय करतीस? ये की आत!"

"किल्ली लागत नाही," म्हणून हिराबाईंनी फोन ठेवला. म्हणजे एक्स्चेंज ठीक, तार ठीक. बिघाड घरात.

सौरभला फोन लावला तर तो विमानात. म्हणजे घरातला बिघाड घरातल्यांनीच काढायचा. घरातले म्हणजे भीमराव.

भीमराव बाहेरच्या खोलीतून आले, हातात फडकं घेऊनच. कंपनीत जन्म गेला. यंत्र बंद पडलं की त्यांच्या हातात आपोआप फडकं यायचं. त्यांनी टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा बाहेर ओढला, झाकण काढलं आणि आत फुंकर मारली. धुळीचा एक ढग उठून हिराबाईंच्या तोंडावर आला.

"हे बघ, किती माती हाय याच्यात! श्वास कसा घेईल बिचारा?"

"तो श्वास घेत नाही, अहो."

"मग हा पंखा कायले लावला आतमध्ये?"

भीमरावांनी पंखा पुसला, वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या, डब्याच्या कुशीवर हलकेच थोपटलं. पुन्हा सुरू केलं. टोपी आली, चक्र फिरलं, टोपी गेली.

"श्वास घेतोय आता चांगला," हिराबाई म्हणाल्या. "काम मात्र करत नाही. निवृत्त झाला असेल."

मग त्यांनी जिन्यात जाऊन वरच्या मजल्यावर हाक मारली. तनुजा वरच राहायची, एका आयटी कंपनीत होती, आणि रविवारी तिला उठवू नये हा सोसायटीचा अलिखित नियम होता. पण तनुजा आली. केसांना तेल, पायात घरातल्या सपाता, फोन वर चार्जिंगला ठेवलेला. तिने कहाणी ऐकली आणि तिचे डोळे चमकले.

"काकू, म्हणजे तुम्ही टूर्नामेंट खेळताय? सिरियसली?"

"गंमत म्हणून खेळत असते तर तुला रविवारी उठवलं असतं का?"

तनुजा खुर्चीत बसली. "एरर काय येतो?"

"तोच तर येत नाही. काही बोलतच नाही. माणूस चुकला तर निदान शिवी तरी द्यावी."

तनुजाने कामाला लागताना पुढचा प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता. "काल चालत होता ना? मग कालपासून आज काय बदललं?"

"काही नाही. काल रात्री मी स्वतः बंद केला. सकाळी वंदनेला विहारात गेले. दुपारी खीर केली. आणि मग हे."

"काका, तुमच्या हातून काही बिघडलं वगैरे?"

"मी?" भीमरावांनी दोन्ही हात वर केले. "मी कायले काही बिघडवू? माझ्या हातून आजवर एक मशीन बिघडलं नाही."

ते अगदी खरं बोलत होते. बिघडवलं का, असंच विचारलं होतं. सुधारलं का, असं कुणी विचारलं नाही.

तनुजाने मग एकेक करून सगळं केलं. मागे चालू राहिलेले कार्यक्रम बंद केले. व्हायरस अडवणाऱ्या पहारेकऱ्याला सांगितलं, हा आपला माणूस आहे, याला सोड. चित्र दाखवणाऱ्या कार्डाची नवी फाईल उतरवून घेतली. खेळाच्या सगळ्या फायली तपासायला लावल्या. हिरवी पट्टी इंचाइंचाने पुढे सरकत होती आणि खोलीत तिघांचे श्वास त्या पट्टीबरोबर सरकत होते. शेवटी आलं, सगळ्या फायली ठीक आहेत.

टोपी आली. चक्र फिरलं. भीमरावांनी हात जोडले. टोपी गेली.

"मेल्या!" हिराबाई म्हणाल्या.

"काकू, आता काढून पुन्हा टाकायचा एवढंच राहिलं," तनुजाने कपाळावरचं तेल पुसलं. "पण ते डाउनलोड व्हायला तास तरी जाईल."

हिराबाईंनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं.

इथे मेश्रामांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. हडपसरला नवे आलेले असताना भीमरावांची एकदा कंपनीची बस चुकली होती. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर गेटवर उभं केलं. त्या संध्याकाळी त्यांनी घरातलं घड्याळ पाव तास पुढे केलं, आणि तेव्हापासून मेश्रामांच्या घरात पाव तास आधीच सगळं व्हायचं. भिंतीवरचं घड्याळ, देवघर नसलं तरी बाबासाहेबांच्या फोटोखालचं छोटं घड्याळ, गजर, मनगटावरचं, अगदी दोघांच्या मोबाईलचंही. घरात येणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा पाणी आणि मग ही सूचना मिळायची. हिराबाईंना तर वजाबाकीची इतकी सवय झाली होती की भिंतीवर नऊ दिसले की त्यांच्या डोक्यात आपोआप पावणेनऊ उमटायचे. घरात एकच घड्याळ खरं होतं, ते कॉम्प्युटरचं. ते वरूनच वेळ घेतं, त्याला हात लावता येत नाही, असं सौरभने बापाला बजावून सांगितलं होतं. म्हणून या मागच्या खोलीत हिराबाईंनी भिंतीवर घड्याळ लावूच दिलं नव्हतं.

त्या खऱ्या घड्याळात पाच वाजले होते.

"झालं," हिराबाई म्हणाल्या. उठल्या. तनुजाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, तू खूप केलंस. खीर खाऊन जा."

"काकू, सॉरी."

"तू कशाला सॉरी? ह्या टोपीवाल्याने म्हणावं."

बोलण्यात कुठे काही नव्हतं, पण भीमरावांनी बायकोकडे बघितलं आणि हातातलं फडकं खिशात कोंबलं. एवढ्या वर्षांत त्यांना कळत होतं, हिरा विनोद करताना बोटांनी पदराची किनार गुंडाळायला लागली की विनोद वरवरचा असतो.

हिराबाईंनी फोन उचलला. सुशीलाला स्वतः सांगायला हवं होतं. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. गेल्या वर्षभरात पहिल्याच घंटीला कधी उचलला गेला नव्हता.

"हॅलो, पुणे!" सुशीला म्हणाली. "काय करून राहिली तू? मी केव्हाची बसून आहे आतमध्ये. सुनेने टेबलावर पाणी ठेवून दिलं, नातू मागं उभा आहे, आणि तुझा पत्ता नाही."

हिराबाईंनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. ती केव्हाची बसून आहे. "सुशीला, ऐक. माझी खानावळ उघडत नाही गं. सगळं करून बघितलं. पाच वाजले, आपण बाद झालो. मी... मी म्हटलं होतं की मी आहेच, पण..."

"पाच?"

"हो ना."

"कुठं पाच? इथं तर पाचाला अजून भरपूर वेळ आहे."

"नागपूरचं घड्याळ मागे असेल."

"कशाला मागे असेल? पुण्याचे लोक स्वतःला पुढारलेले समजतात ते ठीक, पण घड्याळही?" सुशीला म्हणाली, आणि पलीकडून नातवाचा आवाज आला, "आजी, चार सेहेचाळीस."

हिराबाईंनी फोनवर हात ठेवला. पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. पाच वाजून एक मिनिट. मग त्यांची मान सावकाश वळली.

तनुजाही वळली होती. दोघी भीमरावांकडे बघत होत्या.

भीमराव टेबलाखालच्या डब्याचं झाकण फार काळजीपूर्वक बसवत होते.

"अहो," हिराबाई म्हणाल्या.

"हं?"

"इकडे बघा."

भीमरावांनी बघितलं. चेहऱ्यावर चोराचा भाव नव्हता. उलट, एखादी चांगली गोष्ट लपवून ठेवली होती आणि ती योग्य वेळेआधी उघडी पडली, असा संकोच होता. "तू सकाळी विहारात गेली होतीस ना, तवा म्हटलं, आज हिचा मोठा सामना. त्या खोलीत तेवढं एकच घड्याळ मागं राहिलं. हिला उशीर झाला तर? म्हणून केलं पुढं. सौरभ म्हणत होता, हात लावता येत नाही म्हणून. लावता येते! मी शोधून काढलं. ते उजव्या बाजूचं बटन दाबलं की उघडते." एवढं बोलून त्यांचा आवाज खाली आला. "तुला गेटवर उभं राहावं लागू नये, म्हणून."

आणि मग तनुजा हसायला लागली. ती इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

"काका! अहो काका! हेच! हाच तर प्रॉब्लेम आहे! खेळ उघडला की आधी सर्व्हरला विचारतो, मी आत येऊ का? सर्व्हर वेळ बघतो. त्याच्याकडे पावणेपाच, आपल्याकडे पाच. त्याला वाटतं, हा भविष्यातून आलाय, काहीतरी घोटाळा आहे. आणि तो दार लावून घेतो!"

"मग सांगायला काय झालं त्याला?" हिराबाई म्हणाल्या, पण बोटांतून पदर सुटला होता. त्यांना ते तनुजापेक्षाही चटकन समजलं होतं. ट्रंक कॉल जोडताना पुण्याच्या चिठ्ठीवर एक वेळ आणि नागपूरच्या चिठ्ठीवर दुसरी असली की पर्यवेक्षक बाई दोघींना उभं करायच्या. दोन्ही टोकांची वेळ जुळायलाच हवी. जगात काही गोष्टी बदलत नाहीत.

"नागपूर!" त्या फोनमध्ये ओरडल्या. "लाईन सोडू नको. ह्यांनी कॉम्प्युटरचंही घड्याळ पुढे केलं होतं. आत्ता जोडते!"

तनुजाने घड्याळाच्या चौकटीत एक खूण केली, वेळ आपोआप घ्यायची. कोपऱ्यातले आकडे थरथरले आणि मागे आले.

"या घरात पहिल्यांदाच वेळ मागं गेली," भीमराव हळूच म्हणाले.

"तुम्ही बोलू नका."

पिवळं पातेलं. क्लिक. काळा पडदा. टोपी. चक्र फिरलं, फिरलं, आणि कुठेही न थांबता टोपी हवेत उडाली, ढोलकीसारखं संगीत वाजलं आणि खानावळीचं लाल दार दोन्ही बाजूंना उघडलं. तनुजाने टाळी वाजवली. भीमरावांनी शिट्टी मारली, तीही बोटं तोंडात घालून, नागपूरच्या गल्लीतल्यासारखी. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

आत दोन आचारी उभे होते. एक जाडा, कांद्यांच्या ढिगाशेजारी. एक बारका, मोरीपाशी, हात जोडून उभा. हिराबाईंचा चष्मेवाला आचारी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हेडफोन कानाला लावताना हिराबाईंचा हात आपोआप पूर्वीसारखा वळला, उजवीकडून, केस मागे सारून.

"कोल्हापूर, पुणे बोलतेय."

"आली बया एकदाची! कांदं चिरून चिरून डोळं गेलं माझं!"

"नागपूर?"

पलीकडून आवाज आला. "बोल, पुणे."

* * *

पहिली मागणी आली आणि गोंधळ झाला. हिराबाईंनी टोमॅटो चिरले, आनंदीला बटाटे हवे होते. पातेलं चुलीवर राहिलं, धूर निघाला. सुशीलाचा बारका आचारी मोरीपाशी नुसता उभा. पहिलं गिऱ्हाईक लाल होऊन निघून गेलं. दुसरंही त्याच वाटेला लागलं.

"नागपूर, ताटली दे की गं!" आनंदी ओरडली.

हिराबाईंना पलीकडे फक्त सुशीलाचा श्वास ऐकू येत होता. भीमराव आणि तनुजा मागे खिरीच्या वाट्या घेऊन उभे होते आणि चमचा कुणाच्याच तोंडापर्यंत जात नव्हता.

"सुशीला," हिराबाई हळू म्हणाल्या, "फळ्यावर तुझे सहा दिवे पेटलेत."

खेळात दिवे कुठले? कोपऱ्यात सहा गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, एवढंच. पण पलीकडे श्वास बदलला. ती एकदा खाकरली. आणि मग तो आवाज आला, जो हिराबाईंनी किती वर्षांत ऐकला नव्हता. कडक, सरळ, वरच्या पट्टीतला. सणासुदीच्या दिवशी सगळ्या विदर्भाच्या लाईनी एकटीने सांभाळणारा.

"पुणे, कांदा सोड, बटाटा घे! कोल्हापूर, पहिली चूल उतरव, दुसरी तिकडंच राहू दे! पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक आधी. नाही, ते नाही, त्याच्या मागचं! कोल्हापूर, कानात बोळे घातलेत का बाप्पा?"

"चुलीत गेलं तुझं बाप्पा! घे ताटली!"

"टाक इकडं! पुणे, काहून थांबली तू? हात चालव!"

हिराबाई हात चालवत होत्या आणि हसत होत्या, आणि हसता हसता बटाट्याऐवजी एकदा मिरच्या चिरल्या गेल्या, त्यासाठी नागपूरकडून जोरदार बोलणी खाल्ली. इतकी गोड बोलणी त्यांनी वर्षभरात खाल्ली नव्हती. बारका आचारी आता मोरीपासून टेबलापर्यंत बाणासारखा जात होता. ताटली घासली, वाढली, उष्टी उचलली, पुन्हा मोरी. गिऱ्हाइकं हिरवी होऊन, टाळ्या वाजवत बाहेर पडत होती. मागे तनुजा ओरडत होती, "काकू, डावीकडे! डावीकडे!" आणि भीमराव, ज्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते प्रत्येक ताटलीला "वा!" म्हणत होते.

शेवटची घंटा झाली तेव्हा आनंदीची चूल पेटून धडधडत होती आणि कुणालाही ती विझवायला सवड झाली नव्हती.

निकाल लागला. आठ संघांत त्या सहाव्या आल्या.

"सहाव्या!" आनंदी म्हणाली. "शेवटच्या नाही गं पोरींनो! दोन संघ आपल्या खाली हायेत!"

"दोन गिऱ्हाइकं सुरुवातीला घालवली म्हणून," सुशीला फणकारली. "ती राहिली असती तर चौथ्या आलो असतो. ह्याच्यात माझीच चूक झाली, मी उभी राहिली. पण पुणे, तू मिरच्या कायले चिरल्या?"

"तुझा आवाज ऐकून तिखट खावंसं वाटलं."

आणि मग सुशीला हसली. पहिल्यांदा नाकातून, मग घशातून, मग अशी की तिच्यामागे उभा असलेला नातूही हसायला लागला. हिराबाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

"भीमराव आहेत का तिथं?" सुशीलाने हसतच विचारलं. "त्यांना दे जरा."

हिराबाईंनी हेडफोनचा एक कान भीमरावांकडे सरकवला.

"काय भाऊ, कॉम्प्युटरचंही घड्याळ पुढं केलं म्हणे?"

"केलं ताई. आता मागं घेतलं."

"लग्न जुळवताना मी हिला सांगितलं होतं, पोरगा वेळेचा पक्का आहे. इतका पक्का असेल हे मलाही माहीत नव्हतं."

"आता परत घेता का मला?"

"ठेवून घे म्हणावं तिला. माझ्याकडं जागा नाही."

आनंदीला संध्याकाळच्या भाकरी टाकायच्या होत्या, ती "येते गं" म्हणून गेली. तिचा जाडा आचारी पडद्यावरून विरून गेला. तनुजा खीर संपवून, आणखी एक वाटी वर न्यायला घेऊन, तेल लावलेल्या केसांचा पुन्हा अंबाडा घालत निघून गेली. भीमराव वाट्या गोळा करून बाहेरच्या खोलीत गेले.

स्पर्धा संपली होती. खानावळ मात्र अजून उघडी होती. दिवा चालू, चुली बंद, टेबलं रिकामी. त्यात दोन आचारी उभे होते, एक चष्मेवाला, एक बारका. जायचं तर कोपऱ्यातल्या दारावर क्लिक करायचं, एवढंच.

"जाऊ का आता?" हिराबाईंनी विचारलं.

"जा की. तुला काम असेल."

"मला कसलं काम? खीर उरलीये, पोळ्या सकाळच्या आहेत."

"मलाही काही नाही," सुशीला म्हणाली. बारका आचारी मोरीकडे चालत गेला. "ह्या ताटल्या तेवढ्या राहिल्या. घासून टाकते. उद्या आल्यावर उष्टी दिसायला नको."

उद्या. हिराबाईंनी आपला आचारी मोरीपाशी नेला आणि घासलेल्या ताटल्या उचलून रचायला सुरुवात केली.

"ह्यांना खीर फार आवडायची," सुशीला मध्येच म्हणाली. वर्षभरात तिने यजमानांचं नाव काढलं नव्हतं. "वरून तूप हवं. डॉक्टर नाही म्हणाले तरी चोरून घ्यायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायची."

"तूप कुठलं? घरचं?"

"घरचंच. सांगते तुला, एकदा काय झालं..."

आणि सुशीला सांगायला लागली. सांगताना तिचा आचारी घासत होता आणि हिराबाईंचा रचत होता. ढीग संपला. मग सुशीलाने वरची एक स्वच्छ ताटली परत खाली घेतली, पाण्यात बुडवली, आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.